पंधरा मिलिग्रॅमचा फरक

"म्हणजे पिठाने पाय दुखतात तुमचे, बाबा!" असं म्हणून मुलाने हातातला कागद टेबलावर ठेवला, तो हुकमाचं पान टाकावं तसा.

"हसू नकोस," काटेवाले म्हणाले.

"हसत कुठे आहे मी? वही तुमची, आकडे तुमचे, अक्षर तुमचं. आम्ही फक्त पाकीट फोडलं."

"पाकीट बंद कोणी केलं होतं?"

"मी केलं होतं, बाबा," सून म्हणाली. ती नुकतीच कामावरून आली होती आणि औषधांच्या दुकानातला पांढरा कोट अजून तिच्या अंगातच होता. "तुमच्यासमोर केलं होतं. चिकटपट्टीवर सही तुम्ही केली होती. बघा, जागेवर आहे."

काटेवाल्यांनी पाकीट उचललं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं, सहीवरून अंगठा फिरवला. सही त्यांचीच होती. चिकटपट्टी सुटून पुन्हा बसवल्याची कुठे खूण नव्हती. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि तेच त्यांना आवडलं नाही.

"चार आठवडे गोळी, चार आठवडे नुसतं पीठ," मुलगा एकेक बोट दुमडत म्हणाला. "आणि मांड्या आठही आठवडे सारख्याच दुखल्या. दहापैकी सहा, दहापैकी सहा, एखाद दिवशी सात. मग गोळीचा काय दोष? वय झालंय, बाबा. ठरलं होतं ना आपलं? गोळीचा दोष निघाला तर दुकान चालू. नाही निघाला, तर महिनाअखेर कुलूप. शब्द तुम्ही दिला होता."

"दिला होता."

"मग?"

"मग काय? दिला होता म्हणालो ना!"

त्यांची बायको इतका वेळ टेबल पुसत होती. टेबल मघाशीच पुसून झालं होतं. फडकं हातात तसंच धरून तिने सुनेला विचारलं, "म्हणजे आता गोळी चालूच ठेवायची ना? रोजची?"

"हो आई. बंद करायचं काही कारणच उरलं नाही."

"झालं तर मग," ती म्हणाली आणि फडकं धुवायला आत गेली. काटेवाले त्या फडक्याकडे बघत राहिले. त्यावर पुसलेला एक कणसुद्धा नव्हता.

गावातल्या बाजारात त्यांना काटेवाले म्हणत, आणि पाठीमागे मिलिग्रॅम. एकेचाळीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले होते. धान्याच्या वखारीतला जमिनीत बसवलेला मोठा काटा, भाजीवाल्यांचे काटे, पोस्टातले पाकिटं तोलायचे, दवाखान्यातले बाळं तोलायचे. दरवर्षी तपासणीचा हंगाम आला, की निरीक्षक येण्याआधी सगळा बाजार त्यांच्या दारात उभा असे. काटा दुरुस्त करणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम म्हणजे काटा आपोआप बिघडला, की कोणी बिघडवला, हे ओळखणं. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, पोकळ केलेलं वजन, दांडीच्या एका टोकाला लावलेलं मेण असले उद्योग त्यांनी इतके पाहिले होते, की एखादी वस्तू सरळ दिसली की त्यांना आधी ती उलटी करून बघावीशी वाटे. मुलगा जन्मला तेव्हा नर्सने वजन सांगितलं. हे घरी गेले, पिशवीतून आपलं पितळी वजन घेऊन आले आणि त्यांनी आधी दवाखान्याचा काटा तपासला. काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. बायकोला टाके पडलेले, ती कण्हत होती, आणि हे तिच्या उशाशी उभे राहून म्हणाले, "अगं, तीन किलो नाही बरं का. चाळीस ग्रॅम कमी." ही गोष्ट ती आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, पण हसून नाही.

असा माणूस गोळीवर डोळे मिटून विश्वास ठेवील, हे शक्यच नव्हतं.

दीड वर्षापूर्वी रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल बरंच वर गेलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची एक गोळी सुरू केली. सहाव्या आठवड्यात मांड्या दुखायला लागल्या. एक नाही, दोन्ही, आणि अगदी सारख्या. जिना चढताना, जमिनीवर बसून उठताना, वीस किलोचं वजन उचलताना. पावलं जड पडायची आणि मांड्यांत ओली वाळू भरल्यासारखं वाटायचं. त्यांनी औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद काढला, भिंग लावून वाचला आणि 'स्नायूंचे दुखणे' या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून तो डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवला.

डॉक्टरीणबाई सरळ बाई होत्या. त्या म्हणाल्या, "होतं असं काही जणांना. खोटं नाही." त्यांनी स्नायूंची रक्ततपासणी करून घेतली. आकडा थोडा वर होता, पण रोज वीस-वीस किलोची वजनं उचलणाऱ्या माणसाचा तेवढा असूही शकतो, असं त्यांचं म्हणणं. "गोळीने स्नायू दुखतात हे खरं. गोळीने दुखतील या धास्तीनेही दुखतात, हेही खरं. दुखणं दोन्हीकडे खरंच असतं. पण उपाय वेगळा."

"म्हणजे मला भास होतोय?"

"मी तसं म्हटलं नाही. मला माहीत नाही, असं म्हटलं."

स्वतःला माहीत नसल्याचं कबूल करणारा डॉक्टर काटेवाल्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यामुळे तर ते अधिकच सावध झाले.

कॅप्सूलची युक्ती सुनेची. रिकाम्या कॅप्सूल आणायच्या. अठ्ठावीस कॅप्सूलमध्ये गोळी घालायची आणि ती आत खुळखुळू नये म्हणून भोवती कॉर्नफ्लोअर भरायचं. दुसऱ्या अठ्ठावीसमध्ये नुसतंच कॉर्नफ्लोअर. बाहेरून दोन्ही सारख्या. एका बाटलीला लाल दोरा, दुसरीला निळा. कोणत्या आठवड्यात कोणत्या दोऱ्याची द्यायची याचा तक्ता स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून लावायचा, आणि कोणत्या दोऱ्यात काय आहे ते पाकिटात बंद. देणार सासूबाई, घेणार सासरे, आणि दोघांनाही ठाऊक नाही. काटेवाल्यांनी रोज संध्याकाळी वहीत दुखण्याचा आकडा लिहायचा. डॉक्टरीणबाईंना युक्ती पसंत पडली. काटेवाल्यांच्या प्रकृतीला चार आठवडे गोळी नसली तर चालेल, पण हे सगळं आपल्याला विचारून करायचं, मनाने बंद करायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. दोनदा का, हे त्या घरात कोणाला सांगायची गरज नव्हती. काटेवाल्यांच्या थोरल्या भावाच्या त्याच डॉक्टर होत्या.

आता पाकीट फुटलं होतं, आणि पाकिटाने काटेवाल्यांना खोटं पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर उघडलं ते ग्राहकांसाठी नाही. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. एका भिंतीला हत्यारं, दुसरीला मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं, कोपऱ्यात काचेच्या पेटीतला नाजूक काटा. तो श्वासानेही हलतो म्हणून पेटी. शटर त्यांनी अर्ध्यावर ओढून घेतलं. गेल्या आठवड्यात मुलगा इथे टेप घेऊन आला होता आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून गेला होता. फ्रिज दुरुस्तीचा धंदा त्याचा, सामान ठेवायला जागा हवी होती. विचारल्यावर त्याने लपवलंही नाही. "हो, मला जागा हवी आहे. त्यात चोरी काय?" चोरी काहीच नव्हती. पण निकाल लागायच्या आत टेप लावणारा माणूस काटेवाल्यांनी बाजारात पाहिला असता, तर त्याचा काटा त्यांनी दोनदा तपासला असता.

वजनांच्या पेटीच्या खालच्या खणातून त्यांनी आठ कागदी पुड्या काढल्या.

हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या धंद्यात एक रीत होती. कोणत्याही तपासणीचा नमुना राखून ठेवायचा, तारीख घालून. पुढे वाद झाला तर तोंडाने भांडायचं नाही, नमुना काढायचा. म्हणून दर रविवारी जेवण झाल्यावर बायकोने कॅप्सूल हातावर ठेवली की ते हात तोंडाशी नेत, मान मागे टाकत, पेलाभर पाणी पीत आणि कॅप्सूल मुठीतच ठेवून आचवायला उठत. आठ रविवार, आठ कॅप्सूल. एकही उघडली नव्हती, एकही तोलली नव्हती. तपासणी चालू असताना नमुन्याला हात लावायचा नसतो.

आता तपासणी संपली होती.

त्यांनी हात धुतले, पुसले, चिमट्याने पहिली कॅप्सूल पारड्यात ठेवली, पेटी बंद केली आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबले. सहाशे सहा मिलिग्रॅम. दुसरी, पाचशे एक्क्याण्णव. तिसरी, पाचशे नव्वद. चौथी, सहाशे पाच. अशा आठही. घरून आणलेला तक्ता शेजारी ठेवला. लाल दोऱ्याचे, म्हणजे गोळीचे आठवडे, सगळे सहाशे पाच-सहा. निळ्या दोऱ्याचे, म्हणजे नुसत्या पिठाचे, सगळे पाचशे नव्वदच्या आसपास. गोळीच्या जड, पिठाच्या हलक्या. जिथे जे हवं तिथे ते होतं.

काटेवाले स्टुलावर बसले. बसताना मांड्या दुखल्या, आणि या खेपेस त्यांना त्या दुखण्याची लाज वाटली. म्हणजे खरंच भास. म्हणजे चार आठवडे पीठ खाऊन आपण 'आज जिना चढवेना' असं वहीत लिहिलं. शटरच्या फटीतून रस्त्यावरचे पाय दिसत होते. ते ज्या चालीने जात होते, ती चाल त्यांची दीड वर्षापूर्वी होती. महिनाअखेर, म्हणजे अजून अकरा दिवस.

मग त्यांची नजर पुन्हा आकड्यांवर गेली आणि तिथेच अडकली.

पंधरा मिलिग्रॅम.

फरक होता हे खरं. पण फरक पंधराचाच का? त्यांनी खिशातल्या पट्टीतून नेहमीची एक गोळी काढून तोलली. दोनशे दहा. ही एवढी गोळी काढून घेतली आणि तिच्या जागी हलकं पीठ भरलं, तर कॅप्सूल निदान शंभराने हलकी व्हायला हवी. पंधराने नाही. पंधरा मिलिग्रॅम म्हणजे तांदळाचा एक अख्खा दाणाही नाही. बाजारात कोणी म्हणाला असता, 'जाऊ द्या हो, पंधराच तर आहेत.' मिलिग्रॅम हे नाव त्यांना अशाच वेळी पडलं होतं.

त्यांनी पहिल्या रविवारची कॅप्सूल कागदावर उघडली. पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोअर, बोटांत घेतलं की करकरणारं, आणि मध्ये गोळी. बरोबर. मग दुसऱ्या रविवारची उघडली. ही निळी. हिच्यात गोळी असायला नको होती.

गोळी होती.

आणि तिच्याभोवतीचं पीठ पांढरं नव्हतं. मळकट होतं, भरडसर होतं, त्यात कोंड्याचे बारीक ठिपके होते.

औषधांचं दुकान दोन चौक पलीकडे. सून काउंटरच्या मागे कोणाला तरी डोळ्यांचे थेंब समजावून देत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत काटेवाले बाजूला उभे राहिले, मग त्यांनी खिशातून दोन पुड्या काढून काचेवर उलगडल्या.

"हे तुझं?" त्यांनी पांढऱ्या पिठाकडे बोट केलं.

"हो. हे काय, बाबा, कॅप्सूल तुमच्याकडे कशी?"

"आणि हे?"

तिने दुसऱ्या पुडीवर वाकून पाहिलं. "हे माझं नाही. मी घरातलं पीठ कशाला भरीन? ओलावा धरतं ते." मग तिला गोळी दिसली. "ही निळ्यातली आहे?"

"निळ्यातली. चारही निळ्या आठवड्यांत हेच. उरलेल्या तीन मी वाटेत उघडल्या."

"बाबा, तुम्हाला माझ्यावर संशय आहे का?"

"मी सगळ्यांवरच धरतो. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"लावून घेणारच. मी रात्री जागून छप्पन्न भरल्या होत्या." ती कोटाची बटणं उघड-बंद करत राहिली. रागावली की ती असंच करी. "नवऱ्यावरही धरला असेल."

"त्याच्यावर आधी धरला. तो टेप घेऊन आला होता."

"त्यांना कॅप्सूल उघडून पुन्हा बंद करता यायची नाही. त्यांना शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही." एवढं बोलून ती थांबली. तिने ते भरडसर पीठ चिमटीत घेतलं, बोटांवर चोळलं, आणि सासऱ्यांकडे न बघता पुडीची घडी घालून त्यांच्या हातात दिली. "तुम्ही घरी जा, बाबा. मी यातलं काही बोलणार नाही."

घरात बायको एकटीच होती. भाजी निवडत बसली होती. काटेवाले स्वयंपाकघरात गेले, फळीवरचा पिठाचा डबा त्यांनी खाली काढला, झाकण उघडलं आणि पुडी त्याच्याशेजारी ठेवली. मळकट, भरडसर, कोंड्याचे ठिपके.

तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. "चहा टाकू?"

"नको. तू पहिल्या दिवसापासूनच?"

"पहिल्या दिवशी उघडून पाहिल्या. दोन्ही बाटल्यांतली एक-एक. लालमध्ये गोळी होती, निळ्यात नव्हती. पहिला आठवडा लालचाच होता. तोवर झोपले नीट." ती शांतपणे बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "मग निळा आठवडा आला. पेला भरला, कॅप्सूल हातात घेतली, आणि नाही देववली. तुमच्या जुन्या पट्ट्या कपाटात होत्याच. पीठ काढून टाकलं, गोळी घातली. ते पांढरं पीठ पुन्हा भरायला गेले तर बोटाला चिकटून उडायला लागलं. म्हणून डब्यातलं घातलं."

"अठ्ठावीस दिवस?"

"अठ्ठावीस दिवस. रिकाम्या पट्ट्या आहेत शिवणाच्या डब्यात. टाकल्या नाहीत. म्हटलं, कधीतरी विचाराल."

"काल तू गप्प बसलीस. तुझ्यासमोर त्या पोराने मला खोटं पाडलं, पीठ खाऊन पाय दुखतात म्हणाला, आणि तू टेबल पुसत बसलीस."

"बसले."

"दुकान जात होतं माझं!"

"जाऊ दे की दुकान!" तिने भाजीची जुडी परातीत आपटली. "दुकान जाऊ दे, वजनं जाऊ देत, सगळा बाजार जाऊ दे. माझ्या डोळ्यांसमोर भावजी दुकानातल्या त्याच स्टुलावरून खाली कोसळले होते. डबा घेऊन मी गेले होते, तुम्ही वखारीत होतात. तुम्हाला आयतं कळलं. मला दिसलं."

काटेवाले डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले. थोरला भाऊ आणि ते त्याच दुकानात शेजारी बसत. त्यालाही हीच गोळी होती आणि त्याच्याही मांड्या दुखत. तो मात्र कोणाशी भांडला नाही. रोज रात्री 'घेतली' म्हणायचा. तो गेल्यावर त्याच्या हत्यारांच्या खणात न फोडलेल्या अकरा पट्ट्या सापडल्या. गोळ्या घेतल्या असत्या तर वाचला असता का, असं विचारल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सांगता येत नाही. पण त्या अकरा पट्ट्या खणातून बाहेर काढल्या होत्या हिने.

"मी काही दादासारखा लपवाछपवी करत नव्हतो," ते म्हणाले. "मी डॉक्टरला विचारून करत होतो. चार आठवडे चालतील म्हणाल्या त्या."

"तुम्हाला म्हणाल्या. माझ्यासमोर नाही म्हणाल्या. तुम्ही घरी येऊन सांगितलंत. आणि भावजीही घरी येऊन सांगायचेच की, घेतली म्हणून."

जिच्यावर त्यांनी कधी काटा धरला नव्हता, ती बाई दीड वर्षं त्यांच्यावर काटा धरून बसली होती.

"पण मला एक सांगा," ती एकदम म्हणाली. तिची नजर पुडीवर होती. "ही कॅप्सूल तुमच्याकडे आली कुठून? मी तर रोज तुमच्या हातावर ठेवत होते. पाणी पिताना बघत होते मी."

काटेवाल्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"बोला की."

"नमुना म्हणून ठेवली होती."

"किती?"

"आठ. रविवारच्या फक्त."

"आठ रविवार?" ती उठून उभी राहिली. "आठ रविवार तुम्ही माझ्यासमोर मान मागे टाकून पाणी प्यालात? नुसतं पाणी? आणि मी जीव मुठीत धरून पीठ काढतेय, गोळ्या घालतेय, आणि तुम्ही त्या मुठीत धरून वजनांच्या पेटीत ठेवताय?"

"धंद्याची रीत आहे ती."

"भावाचा भाऊच!" ती म्हणाली. भाजीची उरलेली पानं तिने निवडली नाहीत, तशीच देठांसकट टोपलीत टाकली. काटेवाले तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण देठांसकट भाजी टाकताना त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी चौघं जेवायला बसली. मुलगा उत्साहात होता. जागेला रंग द्यावा लागेल, फळ्या लावाव्या लागतील, असं काहीबाही सांगत होता. सून ताटात बघून जेवत होती. काटेवाल्यांनी जेवण उरकलं, उठून दिवाणावरची पिशवी आणली आणि आठ पुड्या, तक्ता आणि शिवणाच्या डब्यातल्या रिकाम्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"हे काय?" मुलाने विचारलं.

त्यांनी सांगितलं. कोणाचं नाव पुढे-मागे न करता सांगितलं, काट्याचा दोष सांगावा तसं. निळ्या कॅप्सूलमध्येही गोळ्याच होत्या. रविवारच्या कॅप्सूल गिळल्याच नव्हत्या. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस, आठही आठवडे, गोळीच पोटात गेली. पिठाचा एक दिवससुद्धा झाला नाही.

मुलाने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग बायकोकडे. "तुला माहीत होतं?"

"दुपारपासून," सून म्हणाली.

"म्हणजे या घरात मी एकटाच सरळ आहे?"

"टेप घेऊन गेला होतास ना तू?" आई म्हणाली. "मग गप्प बस."

"बरं, पण याचा अर्थ काय? गोळीनेच दुखतं असं सिद्ध झालं?"

"नाही," काटेवाले म्हणाले. "तेही नाही झालं. काहीच नाही झालं."

"डोस कमी केला तर थांबेल कदाचित, नाहीतर त्या दुसरी गोळी देतील," सून हळूच म्हणाली. "किंवा वजनं उचलूनच दुखत असेल. आता खरंच सांगता येत नाही, बाबा."

"आणि भासही असेल," काटेवाले म्हणाले. हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने काढले.

"मी त्यांना पीठ देणार नाही," बायको म्हणाली. "पुन्हा करायचं म्हणाल तर आधीच सांगते. माझ्या हातून व्हायचं नाही."

"तुझ्या हातून नकोच."

"मग मी काय करू? बघत बसू?"

काटेवाल्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. आठ आठवड्यांचे आकडे, आणि पुढे सगळी कोरी पानं. तिने ती उघडली नाही, पण परतही सरकवली नाही.

त्यांनी पुड्यांच्या घड्या घातल्या, तक्ता चार ठिकाणी फाडला आणि उभे राहिले. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. तो त्यांनी सगळ्यांच्या देखत घेतला.

"सील दोन्हीकडून तुटलंय, तेव्हा तपासणी रद्द," ते म्हणाले. "उद्या सकाळी आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंकडे जातोय. कोणी काय केलं ते दोघांनी सांगायचं, आणि चार आठवडे चालतील की नाही ते त्यांनी हिच्यासमोर सांगायचं. नाही म्हणाल्या तर नाही, त्या देतील ती गोळी. हो म्हणाल्या तर पहिल्यापासून आठ आठवडे. कॅप्सूल सूनबाई देईल, वही ही लिहील. दुकान तोवर बंद होणार नाही. आणि रविवारची मी गिळेन."

एवढं बोलून ते आचवायला गेले.